फोलिनने ३८, बाहेरच्या लॅबने ‘०.०५ पेक्षा कमी’: फिनॉलचा कोणता आकडा धरायचा?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकजवळच्या एका लहान वायनरीची लॅब तुम्ही सांभाळता. हाताशी एक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि वाइनसाठी आणलेलं फोलिन-सिओकाल्टू रीएजंट आहे. त्याच पद्धतीने ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) आउटलेटचं पाणी तपासलं तर ‘फिनॉल’ ३८ मिग्रॅ/लिटर आलं. बाहेरच्या लॅबने त्याच दिवसाच्या नमुन्याला ‘०.०५ पेक्षा कमी’ दिलं. मर्यादा १ मिग्रॅ/लिटरची, त्यामुळे तुम्ही धास्तावलात. त्याच रिपोर्टमध्ये बोअरच्या पाण्यासमोरही ‘०.०५ पेक्षा कमी’ लिहिलंय, तेव्हा ते पाणी चांगलं समजायचं का? आणि तिसरं: शिराजच्या एका बॅरलला गोठ्यासारखा वास मारतोय, पण फोलिनचा आकडा शेजारच्या बॅरलांइतकाच. मग चुकतंय कोण?

बहुधा कोणीच नाही. ‘फिनॉल’ हा एकच शब्द तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरताय, घोळ तिथे आहे. सांडपाण्याच्या नियमातलं फिनॉल म्हणजे आम्लात उकळल्यावर वाफेबरोबर उडून येणारी, ४-अमिनोअँटिपायरिन या रसायनाशी रंग देणारी संयुगं. वाइनमधलं फिनॉल म्हणजे टॅनिन, अँथोसायनिन, कॅटेचिन, गॅलिक आम्ल ही न उडणारी मंडळी. बॅरलचा वास हा ४-इथाइलफिनॉलसारख्या एखाद्या उडणाऱ्या रेणूचा, तोही लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या घरातला. एकीचं उत्तर दुसरीच्या पद्धतीने मिळत नाही.

सांडपाण्यापासून सुरुवात करतो, कारण काळजी तिथे आहे.

फोलिन रीएजंट फिनॉल ओळखत नाही. ते इलेक्ट्रॉन देणारं काहीही ओळखतं. मॉलिब्डेनम-टंगस्टनचं पिवळं मिश्रण अल्कधर्मी द्रावणात क्षपण होऊन निळं होतं, आणि ते क्षपण कोणी केलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वायनरीच्या धुण्याच्या पाण्यात द्राक्षाचे पॉलिफिनॉल असतातच. शिवाय टाक्या धुताना वापरलेलं केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) म्हणजे त्यातून सुटणारं सल्फर डायऑक्साइड, उरलेली साखर, यीस्टची प्रथिनं, फेरस लोह, टाकीच्या तळात सडलेल्या गाळाचा सल्फाइड हे सगळं निळ्या रंगात भर घालतं. त्यामुळे ३८ या आकड्याचा अर्थ इतकाच: ‘या पाण्याची क्षपणशक्ती ३८ मिग्रॅ/लिटर गॅलिक आम्लाइतकी आहे.’ तो १ मिग्रॅ/लिटरच्या मर्यादेशेजारी ठेवताच येत नाही. एकक वेगळं, स्टँडर्ड वेगळं, रसायन वेगळं.

आणखी एक शंका. वाइनसाठीची नेहमीची वक्ररेषा (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून, म्हणजे स्टँडर्डवरून, काढलेली मोजपट्टी) गॅलिक आम्लाच्या ५०, १००, १५०, २५०, ५०० मिग्रॅ/लिटर अशा स्टँडर्डची असते. तुमचा ३८ सर्वांत खालच्या स्टँडर्डच्याही खाली पडतो. म्हणजे तो मोजलेला आकडा नाही, रेषा खाली ओढून काढलेला अंदाज आहे. सांडपाण्यासाठी फोलिन वापरायचंच असेल (आणि ईटीपीचा रोजचा कल बघायला ते चांगलं आहे), तर नमुना दहापट घ्या: २० मायक्रोलिटरऐवजी २०० मायक्रोलिटर नमुना, १.४ मिली पाणी, १०० मायक्रोलिटर रीएजंट, मग ३०० मायक्रोलिटर सोडियम कार्बोनेट. एकूण घनफळ २ मिलीच राहतं. स्टँडर्ड ५ ते ५० मिग्रॅ/लिटरचे करा आणि तेही २०० मायक्रोलिटरच घाला.

त्यातलं खरं पॉलिफिनॉल किती आणि बाकीचा कचरा किती, हे घरच्या घरी बघता येतं. वाइन स्वच्छ करायला तुमच्याकडे पीव्हीपीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर) असेलच. नमुन्याचा पीएच ३ च्या आसपास आणा, दर मिलीला १०० मिग्रॅ पीव्हीपीपी घाला, हलवा, १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवाचं पुन्हा फोलिन करा. जे कमी झालं ते टॅनिनसारखं पॉलिफिनॉल. जे उरलं त्यात केएमएस, साखर, साधी फिनॉल वगैरे. उरलेला भाग मोठा असेल तर आम्ल केलेल्या नमुन्यातून पाच-दहा मिनिटं नायट्रोजन सोडून सल्फर डायऑक्साइड उडवून बघा. आकडा कोसळला तर चोर सापडला.

आता नियमातली पद्धत. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत ‘फिनॉलिक संयुगे, फिनॉलच्या रूपात’ अशी नोंद आहे: नदी-नाल्यात सोडायला १ मिग्रॅ/लिटर, सार्वजनिक गटारात ५. तुमच्या बाबतीत नक्की काय लागू हे पाणी कुठे जातं यावर ठरतं. नाल्यावाटे गोदावरीच्या खोऱ्यात जातं, सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जातं, की स्वतःच्याच बागेला देता? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जी ओळ छापली असेल ती प्रमाण माना. त्यात फिनॉलची ओळच नसेल तर हा सगळा खटाटोप तुमच्या माहितीपुरता.

पद्धतीचं मर्म डिस्टिलेशनमध्ये, म्हणजे उकळून वाफ थंड करून गोळा करण्यात, आहे. ५०० मिली नमुना, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ४, १० टक्के कॉपर सल्फेटचं ५ मिली द्रावण (सल्फाइड बांधायला), पूर्ण काचेचं उपकरण. ४५० मिली जमल्यावर गॅस बंद करा, उकळी बसू द्या, फ्लास्कमध्ये ५० मिली कोमट डिस्टिल्ड पाणी घाला आणि पुढे चालू करून बरोबर ५०० मिली गोळा करा. बरेच जण ४५० वर थांबतात, तिथे चूक होते. फिनॉल हळूहळू येतं, शेवटच्या हिश्शातही येतं. जितका नमुना तितकं डिस्टिलेट, हा नियम मोडला की आकडा कमी येणार. डिस्टिलेट गढूळ आलं तर पुन्हा आम्ल करून पुन्हा डिस्टिल करा.

गॅलिक आम्ल, कॅटेचिन, टॅनिन फ्लास्कमध्येच राहतात. म्हणूनच तुमच्याकडे ३८ आणि तिकडे जवळजवळ काहीच नाही. खात्री हवी असेल तर डिस्टिल्ड पाण्यात २० मिग्रॅ/लिटर गॅलिक आम्ल घालून डिस्टिल करा. डिस्टिलेटमध्ये काही येणार नाही, फोलिन मात्र तेच पाणी निळंशार करेल. एका दुपारचं काम आहे, पण मालकांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

रंगाची पायरी अशी. १०० मिली डिस्टिलेट (त्यात अर्धा मिलिग्रॅमहून जास्त फिनॉल नको), अर्धा नॉर्मल अमोनियम हायड्रॉक्साइड २.५ मिली, फॉस्फेट बफरने पीएच ७.९ अधिक-उणे ०.१. मग २ टक्के ४-अमिनोअँटिपायरिन १ मिली, नीट हलवा, त्यानंतरच ८ टक्के पोटॅशियम फेरीसायनाइड १ मिली, लगेच हलवा. १५ मिनिटांनी ५०० नॅनोमीटरवर रीडिंग. पीएच १० वर, ५१० नॅनोमीटरवर वाचायची दुसरी रीतही प्रचलित आहे. कोणतीही चालेल, पण स्टँडर्ड एका पीएचवर आणि नमुना दुसऱ्यावर असं नको. अमिनोअँटिपायरिनचं द्रावण रोज ताजं, फेरीसायनाइड आठवड्याला. ब्लँक (नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घेतलेली चाचणी) पिवळट दिसायला लागला की आधी या दोन बाटल्यांकडे बघायचं.

आता बाहेरच्या लॅबच्या आकड्याकडेही डोळे झाकून बघू नका. तीन गोष्टी विचारा.

पहिली, नमुना जागेवरच आम्लात स्थिर केला होता का? ईटीपीच्या पाण्यात फिनॉल खाणारे जिवाणू भरपूर असतात. मार्चच्या उन्हात प्लास्टिकच्या बाटलीत, आम्लाशिवाय, गाडीच्या डिकीतून गेलेल्या नमुन्यात फिनॉल होतं तरी पोहोचेपर्यंत टिकलं नसेल. एक लिटरची गडद काचेची बाटली, पीएच २ च्या खाली येईपर्यंत सल्फ्युरिक आम्ल (साधारण २ मिली संहत आम्ल लिटरला, पट्टीने खात्री करा), ४ अंशांवर बर्फात. असा नमुना २८ दिवस चालतो. टोपणात बॅकेलाइट नको, कारण बॅकेलाइट म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचंच प्लास्टिक. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं टोपण घ्या.

दुसरी, आउटलेटला हायपोक्लोराइट सोडता का? मोकळा क्लोरीन फिनॉलला खातो, काहीचं क्लोरोफिनॉल करतो. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चची पट्टी निळी झाली तर आम्ल घालण्याआधी, जागेवरच, थोडं फेरस अमोनियम सल्फेट घालून क्लोरीन संपवा. लॅबमध्ये पोहोचल्यावर घालून काही उपयोग नाही.

तिसरी, त्यांनी स्पाइक रिकव्हरी केली होती का? म्हणजे तुमच्याच पाण्यात ०.५ मिग्रॅ/लिटर फिनॉल मुद्दाम घालून, डिस्टिल करून, किती परत मिळालं ते बघणं. मी ८५ ते ११० टक्क्यांत आलं तर रिपोर्टवर विश्वास ठेवतो. साठ टक्के आलं तर ‘०.०५ पेक्षा कमी’ हा आकडा माझ्या लेखी अर्धवट.

या पद्धतीला एक जन्मजात आंधळा कोपराही आहे, आणि तो तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. बेंझिन कड्याच्या पॅरा जागेवर अल्काइल, अराइल, नायट्रो किंवा अल्डिहाइड गट बसला असेल तर ४-अमिनोअँटिपायरिनला तिथे जोडायला जागाच मिळत नाही. पॅरा-क्रेसॉल तिला दिसत नाही. मेथॉक्सी, हायड्रॉक्सी, हॅलोजन, कार्बॉक्सिल हे गट मात्र ती बाजूला सारते आणि रंग देते. म्हणून रिपोर्टमधला आकडा ‘किमान इतकं फिनॉल’ असा वाचायचा.

जाता जाता: लॅबची फरशी काळ्या फिनेलने पुसत असतील तर ते आजच बंद करा. त्यात डांबरापासूनची फिनॉल आणि क्रेसॉल असतात, आणि ब्लँक विनाकारण चढतो. तेच फिनेल शौचालयातून ईटीपीत येत असेल तर आउटलेटला खरोखरचं उडणारं फिनॉल सापडेल, आणि त्याचा द्राक्षांशी काडीचा संबंध नसेल.

बोअरच्या पाण्याचं उत्तर लहान आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात फिनॉलिक संयुगांची स्वीकार्य मर्यादा ०.००१ मिग्रॅ/लिटर आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.००२. तुमच्या रिपोर्टची पद्धत ०.०५ च्या खाली बघूच शकत नाही. पन्नासपट मोठ्या चाळणीने चाळून ‘खडा सापडला नाही’ म्हटल्यासारखं आहे ते. लॅबला क्लोरोफॉर्म एक्स्ट्रॅक्शनची पद्धत मागा: ५०० मिली डिस्टिलेटमध्ये रंग काढून तो २५ मिली क्लोरोफॉर्ममध्ये ओढायचा, निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून ४६० नॅनोमीटरवर वाचायचा. त्याने १ मायक्रोग्रॅम/लिटरच्या आसपास जाता येतं, आणि रिपोर्टवर शोधमर्यादा लिहून घ्यायची. हे तुमच्या लॅबमध्ये करू नका. क्लोरोफॉर्मला चालू स्थितीतलं फ्यूम हूड लागतं, आणि उरलेला क्लोरोफॉर्म ईटीपीत ओतणं म्हणजे तिथल्या जिवाणूंचा घात.

इतकी कडक मर्यादा का, तर चवीमुळे. साधं फिनॉल थोडं असेल तर जिभेला कळत नाही, पण पाण्यात क्लोरीन घातला की २-क्लोरोफिनॉल आणि २,४-डायक्लोरोफिनॉल तयार होतात. त्यांची चव अनुक्रमे ०.१ आणि ०.३ मायक्रोग्रॅम/लिटरलाच कळते, दवाखान्यासारखी. वायनरीत तर धोका दुहेरी: क्लोरोफिनॉलवर बुरशी बसली की ट्रायक्लोरोअनिसोल होतं, आणि ते वाइनमध्ये लिटरला काही नॅनोग्रॅम इतकं असलं तरी ओल्या पुठ्ठ्याचा वास देतं. बॅरलच्या खोलीत ब्लीच वापरू नका हा सल्ला त्यासाठीच.

आता फोलिनची खरी जागा, म्हणजे वाइन. १९२७ साली फोलिन आणि सिओकाल्टू यांनी रीएजंट दिलं, १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी ते वाइनला बसवलं. पद्धत जुनी आहे, पण शिस्तीने केली तर आजही उत्तम चालते. लाल वाइन दहापट पातळ, पांढरी तशीच. २० मायक्रोलिटर नमुना, १.५८ मिली पाणी, १०० मायक्रोलिटर रीएजंट. अर्धा ते आठ मिनिटांच्या आत ३०० मायक्रोलिटर कार्बोनेट घालायचं. उशीर झाला तरी बिघडतं, आणि कार्बोनेट आधी घातलं तर रीएजंटच अल्कलीत मरतं. मग २० अंशांवर दोन तास ठेवून ७६५ नॅनोमीटरवर वाचायचं. नाशिकमध्ये जानेवारीत खोली थंड असते आणि एप्रिलमध्ये पस्तीसच्या पुढे, म्हणून ‘खोलीचं तापमान’ या शब्दावर मी विसंबत नाही. सरळ ४० अंशांचा वॉटर बाथ आणि ३० मिनिटं. वर्षभराचे आकडे एकमेकांशी जुळतात.

कार्बोनेटचं द्रावण संपृक्त असतं: २०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट ८०० मिली पाण्यात उकळून विरघळवायचं, थंड झाल्यावर कार्बोनेटचेच चार खडे टाकायचे, २४ तासांनी गाळून एक लिटर करायचं. घाईत न गाळता वापरलं की क्युव्हेटमध्ये बारीक स्फटिक येतात, आणि तिन्ही रीडिंग तीन दिशांना जातात. रीएजंट पिवळं हवं. हिरवट दिसलं तर ते आधीच अर्धं क्षपण झालंय, फेकून द्या. पांढऱ्या वाइनमध्ये, विशेषतः शेनिन ब्लांकमध्ये, मोकळं सल्फर डायऑक्साइड आणि उरलेली साखर यांचा वाटा लक्षणीय असतो, कारण मूळ फिनॉलच कमी. तिथला फोलिनचा आकडा मी एकटा कधीच वाचत नाही. सोबत २८० नॅनोमीटरचं शोषण घेतो, तिथे साखर आड येत नाही. त्यासाठी क्युव्हेट क्वार्ट्‌झचीच लागते, काच २८० ला आंधळी असते. लाल वाइन त्यासाठी शंभरपट पातळ करावी.

शेवटी शिराज. समजा बॅरलमध्ये फोलिनने २००० मिग्रॅ/लिटर आलंय. ४-इथाइलफिनॉल लाल वाइनमध्ये साधारण ०.४ ते ०.६ मिग्रॅ/लिटरला नाकाला कळायला लागतं. दोन हजारात अर्धा म्हणजे फोलिनच्या रोजच्या चढउताराच्याही कितीतरी खाली. आणि डिस्टिल करून अमिनोअँटिपायरिन लावावं म्हटलं तर इथाइल गट नेमका पॅरा जागेवर, म्हणजे तोच आंधळा कोपरा. तुमच्या लॅबमधल्या कुठल्याही बाटलीने हा रेणू सापडणार नाही. तो जीसी-एमएसचा (गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या जोडयंत्राचा) विषय आहे.

पण पैसे खर्च करण्याआधी घरचा एक प्रयोग करा. शिराज ही क्षपणाचे वास सहज धरणारी जात आहे, आणि हायड्रोजन सल्फाइड किंवा मर्कॅप्टनच्या वासालाही लोक गोठा म्हणतात. दोन ग्लासांत पन्नास-पन्नास मिली वाइन घ्या, एकात १ टक्का कॉपर सल्फेटचा एक थेंब टाका, हलवून दोन मिनिटांनी दोन्हींचा वास घ्या. तांब्याच्या ग्लासातला वास गेला तर ती गंधकाची भानगड, रॅकिंग (गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात काढणं) आणि हवा देऊन सुटण्यासारखी. वास तसाच राहिला तर ४-इथाइलफिनॉल बनवणाऱ्या ब्रेटानोमायसिस यीस्टचा संशय पक्का. तांबं टाकलेल्या ग्लासातली वाइन प्यायची नाही, ओतून द्यायची.

संशय टिकला तर निकालाची वाट न बघता बॅरल वेगळं काढा, त्याचा पाइप आणि पिपेट दुसऱ्या बॅरलला लावू नका, आणि पीएच मोजा. आपल्याकडच्या लाल वाइनचा पीएच बऱ्याचदा चढा असतो, आणि खरा खेळ तिथेच आहे. यीस्टला रोखणारं रेण्वीय सल्फर डायऑक्साइड (मोकळ्यातला, आयन न झालेला भाग) ०.८ मिग्रॅ/लिटर हवं असेल तर पीएच ३.५ ला मोकळं ४० मिग्रॅ/लिटर पुरतं, ३.८ ला मात्र सुमारे ८० लागतं. ‘आम्ही नेहमी तीस ठेवतो’ हे वाक्य ३.८ च्या बॅरलमध्ये निरुपयोगी आहे. झालेला वास यामुळे जाणार नाही, फक्त वाढायचा थांबेल.

जीसी-एमएसला पाठवताना रिपोर्टमध्ये ४-इथाइलफिनॉल आणि ४-इथाइलग्वायकॉल दोन्ही मागा, आणि अंतर्गत स्टँडर्ड (तुलनेसाठी नमुन्यात माहीत प्रमाणात घालायचं संयुग) कोणतं वापरता ते विचारा. ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) ४-इथाइलफिनॉल असेल तर उत्तम. वक्ररेषा साध्या पाण्यात नको, १२ टक्के अल्कोहोल आणि टार्टारिक आम्लाच्या नमुना-वाइनमध्ये किंवा तुमच्याच चांगल्या शिराजमध्ये काढलेली हवी, कारण अल्कोहोलमुळे हेडस्पेसमध्ये, म्हणजे द्रवावरच्या हवेत, येणारं प्रमाण बदलतं. नमुना एक नाही, तीन पाठवा: संशयित बॅरलच्या वरच्या थरातून एक, तळाच्या गाळाजवळून एक, आणि शेजारच्या निरोगी बॅरलचा एक. बाटल्या काठोकाठ भरा आणि थंड पाठवा. तळाचा आकडा वरच्यापेक्षा चढा आला तर यीस्ट अजून गाळात काम करतंय असं समजा, आणि त्या बॅरलचं रॅकिंग त्याच आठवड्यात उरका.